मेहुणेबुवा, तुमच्या हसऱ्या फोटोने प्रिंटर बंद पाडला

आदरणीय मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण टेबलाखाली वायरी शोधताना कंबर धरली, म्हणून उभ्याउभ्याच हात जोडतो. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांना बोलायला लावू नका, तुम्हालाही तेवढीच विश्रांती.) आम्ही खुशाल आहोत. खुशाल कसले, मी हवेत आहे! अहो, प्रिंटर चालला! आपल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, ज्याला तुम्ही जाताना टपली मारून गेलात, त्याच्यावर चालला!

आता पहिल्यापासून सांगतो. तुमच्या भगिनीच्या भरतकामाच्या वर्गाचं प्रदर्शन जवळ आलेलं, आणि तिचे सगळे नमुने त्या कॉम्प्युटरच्या पोटात. ते उघडणारा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि जुनी सिस्टीम इतकी जुनी की बनवणाऱ्यांनीच तिचं नाव टाकलंय. बाईसाहेबांचा हुकूम सुटला, प्रदर्शनाआधी नमुने छापून मिळाले नाहीत तर हा डबा भंगारात. मेहुणेबुवा, नोकरी संपल्यापासून घरात माझं म्हणावं असं ते एक टेबल आणि तो एक डबा. तो गेला तर मी बसायचं कुठे? (बाहेरच्या खोलीत बसलो की पाय वर घ्या, झाडायचंय, असं ऐकू येतं.) म्हणून छाती ठोकून सांगितलं, मेकॅनिक बोलवायचा नाही, मी आहे ना!

लक्षण असं होतं. प्रिंट दिली की प्रिंटर घसा खाकरायचा, कागद अर्धा गिळायचा, आणि स्क्रीन एकदम निळा! कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि कुणी बोट लावलेलं नसताना प्रिंटर परत खाकरायचा की परत निळा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाष्या, हे मी एव्हाना वाचून काढलं होतं. (हसू नका, वाचलं.) मला वाटलं, दुभाष्याच बिथरला. तो काढला, पुन्हा बसवला, फरक शून्य. मग याच प्रिंटरच्या थोरल्या भावंडाचा ड्रायव्हर आणून घातला, तोही तोंडावर आपटला. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, काका, एवढा जुना नग कुणीतरी कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवेल. मी त्याच्याकडून काहीही न घेता बाणेदारपणे बाहेर पडलो, आणि छत्री तिथेच राहिली म्हणून पुन्हा आत गेलो. शेजारच्या हेडमास्तरांनी वीजच दोषी ठरवली, तेव्हा घरातले सगळे दिवे बंद करूनही पाहिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

आणि मग, अहो मग, मला रांग सापडली! दिलेली प्रत्येक प्रिंट एका रांगेत उभी राहते, आणि कॉम्प्युटर बंद केला तरी रांग मोडत नाही. त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे कोण असावं? तुम्ही! मागच्या खेपेला तुम्ही स्वतःचा हसरा फोटो दाराएवढा मोठा करून छापायला दिला होतात आणि निघत नाही म्हणून चहाला उठून गेलात. फोटो मात्र उठला नाही. बिचारा ड्रायव्हर तो उचलायला जायचा, कोसळायचा, आणि शुद्धीवर आला की पुन्हा तुम्हालाच उचलायचा. मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो आणि प्रत्येक नव्या गड्याच्या डोक्यावर पहिलं ओझं तुमचंच!

दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे पुसून मोकळा झाला असता. पण बायकोच्या माहेरचा माणूस, तोही थोरला, त्याला मी परस्पर कसा पुसू? म्हणून आधी मानाने छापायचा प्रयत्न केला. कागद मोठा लावला, तुम्हाला थोडं बारीक केलं, नुसत्या मिशा तरी छापून पाहिल्या. दर वेळी निळं! शेवटी भगिनींची परवानगी मागितली. दातांत दोरा होता, मानेनेच म्हणाल्या, पुसा. ती रांग थांबवली, रिकामी केली, पुन्हा सुरू केली, प्रिंट दिली... आणि सरसर सरसर वेलबुट्टी बाहेर! मी असा ओरडलो की हेडमास्तर आमच्या घराचे दिवे बंद करायला धावत आले.

घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना गालगुच्चे, आणि तुमच्या फोटोच्या आत्म्यास शांती.

तुमचाच,
रांग मोडणारा

ता. क. छापलेले नमुने कपाटात ठेवायला गेलो, तर तिथे सगळे नमुने आधीच तयार! वर्गातल्या बायकांकडचे जुने छापील कागद खिडकीच्या काचेवर धरून हिने हाताने उतरवून घेतले होते, मी ड्रायव्हर बदलत होतो तेव्हाच. विचारलं तर म्हणाली, तुम्ही रमला होतात. राग यायला हवा होता. आला नाही, उलट बरं वाटलं. पण आता प्रिंटर नुसता शहाण्यासारखा चालतोय आणि मी त्याच्याकडे बघत बसलोय.

ता. क. दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून खाली लिहिते. तुझ्याकडचा तो बंद पडलेला स्कॅनर पाठवून दे. दुरुस्त करून पाठवू नकोस, मुळीच. नोकरी सुटल्यापासून हे पहिल्यांदाच घरात शीळ घालत होते.