कापराच्या डबीतला चोर

आईस,

सदाशिव पेठेतून मंदाचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, मेसमध्ये पोळ्या लाटते, दोन वेळ पोटभर जेवते. ताप आला होता, उतरला. काळजी करू नकोस.

तू दिलेल्या डबीत कापूर उडू नये म्हणून घातलेले मिरे मी रश्शात टाकले आणि झाकण नुसतं वर ठेवलं. महिन्यात डबी रिकामी! माझ्याच खोलीत राहणाऱ्या, मेसमध्ये माझ्याबरोबर पोळ्या करणाऱ्या मालनबाईला मी तोंडावर चोर म्हटलं. तापात तिनंच मला पेज भरवली होती, आई.

मेसला जेवणारी कॉलेजातली स्पृहा हे ऐकून हसली. म्हणाली, "मावशी, कापराचे कण एकमेकांना धरून बसतात म्हणून वडी दिसते. वरचे कण सुटले की पाणी न होता थेट हवेत जातात. खोलीत वास येत होता ना? तोच तुमचा चोर. मिऱ्यांचं सोडा, झाकण घट्ट लावा."

मी मालनबाईचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ, तव्यावरची पोळी करपतेय." संध्याकाळी तिनंच नवा कापूर आणला. एवढं मोठं मन मला कुठून मिळणार होतं!

तुझे गुडघे कसे आहेत? जवसाची चटणी पाठव. सगळी मालनबाईला, मला नको.

तुझी तोंडाळ,
मंदा