पहिल्या निबेचा पंच

ता. ४ जून

चि. धाकट्या भाऊजींस,
अ. आ.

हात मोडला नाही ना? सत्तावीस वर्षांत एक ओळ नाही, म्हणून विचारते. हे गेले तेव्हा आलात, कोपऱ्यात उभे राहिलात आणि घोटभर पाणीही न पिता गेलात.

आता कामाचं. आमचे चिरंजीव कारखान्यातली जुनी खोली वडिलांच्या आठवणीसाठी सजवताहेत. ह्यांचं लेथ, ह्यांच्या कानशी आणि काचेच्या पेटीत पत्र्यातून निब कापायचा पहिला पोलादी पंच. पेनाची निब आपल्याकडे पहिल्यांदा ह्यांनी बनवली, हे पोराला तोंडपाठ. म्हणून पंचाखालीही ह्यांचंच नाव घालतोय.

पण पंच घासलात तुम्ही. ह्यांनी मोजला, केसभर बारीक भरला, तसा सगळ्या कामगारांसमोर तुमच्या पायाशी भिरकावला. तुम्ही ॲप्रन काढून चालते झालात. दुपारी ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. मोजायचा मायक्रोमीटर सकाळपासून ह्यांच्याच खिशात, अंगाच्या उबेनं फुगलेला! दुसऱ्या कुणी खिशात घातला तर केवढे ओरडायचे. तो गार करून पुन्हा मोजलं, तर पंच अचूक. मला म्हणाले, तू बोलू नकोस, मी स्वतः सांगेन. मीही गप्प बसले, मोठी शहाणी!

तुमच्या हातानं खरं लिहून पाठवा. पंधरा तारखेला पाटी कोरायला जाणार.

तुमची खडूस वहिनी


ता. ११ जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, टोमणेही पोचले. पंच अचूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. तेरा दिवस घासला होता. पण नाव दादाचंच राहू दे. कानस कशी धरायची हे मला त्यानंच शिकवलं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याच संध्याकाळी दादा माझ्या खोलीवर आला होता. दोनदा कडी वाजवली. मी आत बसून होतो. मनात म्हटलं, अजून एकदा वाजवू दे, मग उघडतो. तिसऱ्यांदा वाजलीच नाही. आता कुठल्या तोंडानं येऊ?

माया पातळ करू नका.

आपला धाकटा


ता. १५ जून

चि. भाऊजींस,
अ. आ.

त्या संध्याकाळी हे घरी येऊन म्हणाले, तो खोलीवर नव्हता. मी विचारलं, कुलूप होतं का? तर म्हणाले, जेवायला वाढ. तुम्ही आत आहात हे त्यांना कळलंच असणार. माझ्या मनातून तुम्ही उतरू नये म्हणून सांभाळून घेतलं. मला खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी येऊन तुम्हाला कान धरून आणलं असतं. तिघांनी तीन तोंडं मिटली, आणि सत्तावीस वर्षं गेली.

पाटीवर दोन नावं कोरायला सांगितली आहेत. पोरानं विचारलं, काका येतील का? मी म्हटलं, बघते.

रविवारी तुमच्याकडे येते. गुडघे दुखतात, आणि ह्यांच्याएवढा धीरही मला नाही. कडी एकदाच वाजवीन.

लोभ अजून आहे, एवढं कळावं.

वहिनी