मावशी, तू लाभार्थी झालीस

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलं खरं, पण गेले तीन दिवस माझी पाठ धरली आहे, त्यामुळे हा नमस्कार ताठ उभं राहून केलेला समजावा. पाठ का धरली ते पुढे येईल.) तुझ्या अंगठ्यात दाभण घुसलं होतं, ती जखम भरली का? हॉस्पिटलच्या फाटकासमोर बावीस वर्षं चपला-बॅगा शिवायची टपरी टाकून बसलेली बाई अंगठ्याला चिंधी गुंडाळून काम करते आणि ते तिथल्या एकाही डॉक्टरला दिसत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. (त्यांच्या बॅगेची चेन तुटली की मात्र त्यांना तू बरोबर दिसतेस.) नवीन चष्मा लावतेस की तो अजून जपूनच ठेवला आहेस? हे पत्र वाचताना तरी लाव, आणि शेजारच्या चावीवाल्याला वाचायला देऊ नकोस. तो प्रत्येक वाक्यानंतर थांबून स्वतःचं मत सांगतो.

आई सगळीकडे सांगत सुटली आहे की मी नोकरीत कायम झाले. मी कायम झालेले नाही. माझं कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन तयार आहे, पण ते मोठ्या बाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात सहीवाचून पडलं आहे. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच खालून वर बघतोय असं वाटतं.) महिनाअखेरपर्यंत सही झाली तर मी कायम. नाही झाली तर मी पुन्हा घरी, आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने भिंतीवर लावलेला माझा काळ्या झग्यातला फोटो रोज सकाळी माझ्याकडे बघत बसणार. हे आईला सांगू नकोस. तुला सांगते आहे, कारण तुला सांगितल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट घडल्यासारखी वाटत नाही.

आता एक कबुली. नोकरी लागली तेव्हा तू विचारलं होतंस, कंपनी कसली आहे गं? मी म्हणाले, रसायनांची. ती गोंदाची आहे. तुझ्यासमोर गोंदाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. चौथीत असताना मी चपलेचा अंगठा शाळेच्या गोंदाने चिकटवला, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तिसऱ्या दिवशी बोललीस ते एवढंच, की गोंद म्हणजे आळशी माणसाची शिलाई. हे वाक्य मी ऑफिसात आजवर कोणालाही ऐकवलेलं नाही. (एकदा जेवणाच्या सुट्टीत तोंडावर आलं होतं, पाणी प्यायले.)

कॉलेजात आम्हाला ‘कंपन्यांची सामाजिक जबाबदारी’ असा एक आख्खा विषय होता, आणि त्यात मी वर्गात पहिली आले होते. समाजाकडून जे घेतलं त्यातलं काही समाजाला परत द्यावं, आणि त्याची खरी हकीकत जनसंपर्कवाल्यांनी लोकांपर्यंत पोचवावी, असं पुस्तकात होतं. ‘खरी’ या शब्दाखाली मी दोनदा रेघ मारली होती. आधी काम, मग बातमी. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे क्रम जरा वेगळा आहे. इथे आधी फोटो ठरतो. फोटोत कोण कुठे उभं राहणार, मागे फलक कुठल्या रंगाचा, हे ठरलं की बातमी लिहितात. बातमीत ‘लाभार्थींनी आनंद व्यक्त केला’ असं लिहून झालं, की मग लाभार्थी शोधायला माणूस पाठवतात. काम मधे कुठेतरी जमलं तर होतं. मला वाटलं, मी नवीन आहे, हळूहळू मी यांना क्रम समजावून सांगेन. (हस. मीसुद्धा आता हसते.)

आमच्या उपक्रमाचं नाव होतं ‘जोडणी’. पन्नास गरजू बायकांना एकेक पत्र्याचा डबा द्यायचा. डब्यात गोंदाच्या नळ्या, ब्रश, कातरी, ॲप्रन आणि माहितीची पुस्तिका. ते वापरून बायकांनी घरबसल्या चपला, बॅगा, छत्र्या दुरुस्त करायच्या आणि आपल्या पायावर उभं राहायचं. कल्पना वाईट नव्हती, मावशी. बैठकीत माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात मोठ्या बाईंना आणखी एक कल्पना सुचली. डब्याची झाकणं आपल्याच गोंदाने चिकटवायची, म्हणजे साहेब स्टेजवर पहिला डबा उघडतील तेव्हा गोंदाचीही जाहिरात होईल. सगळ्यांनी टेबलं वाजवली. मी हात वर केला आणि विचारलं, “पण मग डबे उघडणार कसे?” मोठ्या बाई माझ्याकडे मायेने बघत म्हणाल्या, “शंका काढायला आपल्याकडे वेगळा विभाग आहे, बाळा.” त्या वेगळ्या विभागाने, म्हणजे कारखान्याने, या शुभकार्यासाठी आपला सगळ्यात भारी गोंद पाठवला. तो लोखंडाला लोखंड चिकटवतो.

समारंभाच्या दिवशी साहेबांनी पहिला डबा हातात घेतला. (साहेब म्हणजे कंपनीचे अध्यक्ष. स्वभावाने गरीब आहेत, दिसेल ती फीत कापतात.) झाकण ओढलं. पुन्हा ओढलं. मग कोट काढला. दोन संचालक मदतीला धावले. एकाने डबा धरला, एकाने साहेबांना धरलं. फोटोवाला खालून ओरडत होता, “असंच राहू द्या, साहेब, असंच! जोर फार छान दिसतोय!” दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच फोटो आला, खाली ओळ होती: ‘गोंदाच्या ताकदीपुढे अध्यक्षही हरले’. त्या महिन्यात गोंद इतका खपला की कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला असं कंपनीने जाहीर केलं. पन्नास बायका पन्नास बंद डबे घेऊन घरी गेल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी जाताना मला विचारलं, “पोरी, आत काय आहे गं?” मी त्या दिवशीच्या बातमीत लिहिलं होतं तेच सांगितलं, “तुमचं भविष्य.” त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. म्हणाल्या, “खडखडतंय.”

तीन महिन्यांनी मोठ्या बाईंनी मला वार्षिक पुस्तिकेसाठी एक यशोगाथा आणायला पाठवलं. मी पन्नासच्या पन्नास घरी गेले. (आपण समाजाला उत्तर द्यायला बांधील आहोत, अशी तेव्हा माझी समजूत होती.) एकीने डब्यावर टीव्ही ठेवला होता. एकीने तो दाराला आडवा लावला होता, वाऱ्याने दार आपटतं म्हणून. एक आजीबाई त्याच्यावर बसून कपडे धूत होत्या, आणि बैठक फार मजबूत आहे, कंपनीला माझा निरोप सांग, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. एकीच्या नवऱ्याने छिन्नी-हातोडा घेतला होता. झाकण निघालं नाही, बूड निघालं. आतल्या गोंदाचे वाळून खडे झाले होते, पण ॲप्रन चांगला निघाला, तो ती बाई स्वयंपाक करताना बांधते. माझ्या वहीत मी प्रामाणिकपणे नोंद केली: लाभार्थी, एक, ॲप्रनपुरती.

मग मी चार पानी अहवाल लिहिला. तीन पानं काय चुकलं यावर. चौथ्या पानावर, खरोखर पायावर उभं राहणं म्हणजे काय असतं हे वरिष्ठांना कळावं म्हणून, एक उदाहरण दिलं. एक बाई, नवरा गेल्यावर हॉस्पिटलच्या फाटकासमोर बसायला लागली. आईकडून शिकलेली शिलाई, एक दाभण, मेणाचा गोळा, दोरा. तिने भाचीला पदवीपर्यंत शिकवलं. नाव लिहिलं नव्हतं, मावशी, पण लिहिताना दोनदा उठून तोंड धुवावं लागलं.

मोठ्या बाईंनी अहवाल वाचला, पिन काढली, पहिली तीन पानं बाजूला ठेवली आणि चौथं पान छातीशी धरलं. म्हणाल्या, “तुझ्यात लेखिका आहे गं!” मी सांगायला हवं होतं की ही बाई आपली लाभार्थी नाही. पण लेखिका म्हणाल्यावर मला एक दुपारभर फार बरं वाटत होतं, आणि ती दुपार संपेपर्यंत पान छापखान्यात गेलं होतं. पुस्तिका निघाली. ती एका मोठ्या पुरस्काराच्या परीक्षकांना आवडली. आता तिघे परीक्षक गुरुवारी त्या बाईला प्रत्यक्ष भेटायला येणार आहेत. त्यांना दाखवायला एक उघडा डबा हवा, म्हणून मी गोदामात उरलेल्या डब्यांपैकी एकाशी सकाळपासून दुपारपर्यंत झगडले. डबा जसाच्या तसा आहे. पाठ त्या दिवशी गेली.

परीक्षकांचं काय करायचं ते ऑफिस बघून घेईल, तू काळजी करू नकोस. मी ते फक्त गंमत म्हणून लिहिलं. बाकी माझं जेवणखाण वेळेवर चालू आहे, आणि तुझंही तसंच असावं एवढंच मागणं. चावीवाल्याला नमस्कार सांग, पण पत्रात काय आहे ते सांगू नकोस.

तुझी,
भाची (सध्या तात्पुरती)

ता. क. ऑफिसने बघून घेतलं आहे. परीक्षक गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुझ्या टपरीवर येतील. मी मोठ्या बाईंकडे सगळं कबूल करायला गेले होते. म्हटलं, ती गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. त्या ताडकन खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, संपलं. तर म्हणाल्या, “अगं, मग पत्ता आहेच की आपल्याकडे!” आणि दुसरा खण उघडून माझं पत्र मला लांबूनच दाखवलं. तर सोबतच्या पुडक्यात कंपनीचा ॲप्रन आहे, तो तेवढ्यापुरता बांध. गोंदाच्या तीन नळ्या आहेत, त्या पुढे मांड. वापरू नकोस, नुसत्या मांड. दाभण आणि दोरा अर्धा तास पोत्याखाली सरकव. कंपनीने प्रशिक्षण दिलं का, असं विचारलं तर हो म्हणू नकोस, तुझ्या तोंडून खोटं मला ऐकवणार नाही. नुसती मान हलव. वरून खाली. सही होईल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून झालं होतं. पुडक्यात ती पुस्तिकाही ठेवावी म्हणून उचलली आणि तुझं पान पुन्हा वाचलं. छापण्याआधी ते मीच तपासलं होतं, पण विरामचिन्हांपुरतंच, त्यामुळे स्वल्पविराम सगळे जागच्या जागी आहेत. तुझी बावीस वर्षं मात्र सहा महिन्यांत बसवली आहेत. ‘आईकडून शिकली’ च्या जागी ‘आमच्या तज्ज्ञांकडून शिकली’ आहे. आजीला तज्ज्ञ म्हणायला माझी हरकत नाही, पण ‘आमच्या’ नव्हे. पालिकेच्या गाडीने टपरी दोनदा उचलून नेली आणि दोन्ही वेळा तू तिसऱ्या दिवशी त्याच जागी पोतं टाकून बसलीस, त्याचं ‘किरकोळ अडचणींवर मात करत’ झालं आहे. आणि भाचीला पदवीपर्यंत शिकवलं, त्याच्या आधी दोन शब्द आहेत: ‘कंपनीच्या सहकार्याने’. मी कॉलेजात होते तेव्हा ही कंपनी मला ओळखतही नव्हती, मावशी. मला तू ओळखत होतीस.

तेव्हा वरचं सगळं रद्द. (खोडायला गेले तर कागद फाटायला लागला, म्हणून तसंच ठेवलं आहे. मी काय मागणार होते ते तुला माहीत असलेलं बरं.) पाकीट आमच्याच गोंदाचं, फाडावं लागलं, हे नवीन आहे. ॲप्रन आणि नळ्या काढून घेतल्या, पुडकं आता नाहीच. परीक्षक येतील, ते मला थांबवता येत नाही. तू रोजच्यासारखी दाभण घेऊन बस आणि हातातलं काम सोडून त्यांच्यासाठी उठू नकोस. शिलाई कोणाकडून शिकलात असं विचारलं तर आजीचं नाव सांग. आणि कंपनीने तुमच्यासाठी काय केलं, असं विचारलं, तर तेही खरं तेच सांग: माझी भाची नोकरीला ठेवली. गुरुवारी अकरा वाजेपर्यंत तरी ते अगदी खरं आहे.