बटण फिरवणारा हात

सोलापूर,
२४ जानेवारी २०२६

सोजरवहिनींना बाळासोचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. उन्हात बसून तुमचा गुडघा सुधारला, असं तुमची लेक अपेक्षा म्हणाली. तिच्याकडे अकलूजला राहून सोलापूरच्या पाण्याला नावं ठेवायला लागलात, हेही तिनंच सांगितलं. यंदा गड्ड्याच्या जत्रेला आला नाहीत. पाळण्यांपाशी एकटाच उभा राहिलो आणि भजी खाऊन परत आलो.

फोन सोडून पत्र का, म्हणाल. फोनवरच्या आवाजावर भरवसा ठेवू नका, असं दिवसभर लोकांना सांगून माझाच भरवसा उडालाय. शिवाय मी नुसता घसा खाकरला तरी हा काहीतरी लपवतोय, हे तुम्ही ओळखता.

मागच्या महिन्यात दिल्लीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमांवर बैठक होती. पुण्याची चेतना नावाची एक तरुण वकील जेवताना विचारत होती, "सर, सोलापुरात राहून तुम्ही या कायद्यात आलात कसे?" म्हटलं, "रिक्षात बसून." ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

तुम्हाला तर ठाऊक आहे. जाहिराती पुकारत फिरणारी ती रिक्षा, दादा पुढं माईक धरून, मी मागं बॅटरी सांभाळत, मांडीवर कायद्याचं पुस्तक. भवानी पेठ आली की दादा मराठी सोडून तेलुगूत शिरायचा. विड्या वळणाऱ्या बायका दारात येऊन त्याची नक्कल करायच्या आणि हा माईकवरूनच त्यांना उत्तर द्यायचा. तुम्ही म्हणायचात, "समद्या गावाला ऐकू जातंय, घरात मातर तोंड उघडंना!"

लाऊडस्पीकरचा परवाना पोलिसांकडून मी आणायचो. यंत्राला लगाम घालणारा कायदा आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो त्या परवान्याच्या पाठीमागं. दवाखान्यापाशी आवाज बंद, शाळेपाशी बंद. दादानं विचारलं, "आन मयताच्या घराचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मग अर्धाच कायदा हाय की तुजा, वकील!"

मयताचं घर दिसलं की तो बटण फिरवून आवाज बंद करायचा. गल्ली ओलांडेपर्यंत रिक्षात कुणी चकार शब्द काढायचा नाही. दिल्लीत मी साहेबांपुढं एवढं बोललो, त्याचं सार तेवढंच होतं. यंत्र कितीही शहाणं असू द्या, बटण कुणाच्या हातात आहे त्याचं नाव आधी लिहून घ्या.

आता मुद्द्याचं. बसून वाचा.

दिवाळीपासून गाद्यांच्या एका दुकानाची रिक्षा गावात फिरतेय. तिच्यावर आवाज आहे तो दादाचा. माणूस जाऊन तीन वर्षं झाली आणि तो सांगतोय, जुनी गादी द्या, नवी न्या. अपेक्षानं वर्षश्राद्धाला त्याच्या जुन्या कॅसेटी इंटरनेटवर टाकल्या होत्या ना, त्यांवरून कुणीतरी मशीनला त्याच्यासारखं बोलायला शिकवलंय. पोरीला बोल लावू नका. तिनं मायेनं केलं होतं.

खोटा आवाज मी दोन वाक्यांत पकडतो, त्यावरच तर वकिली चालली. पण इथं माझे कान हरले. "ऐका हो" म्हणताना मधेच तंबाखू गालात सरकवायची त्याची सवय, तीसुद्धा होती. भवानी पेठेतही तो मराठीतच बोलतो, एवढाच काय तो फरक.

गेलेल्या माणसाच्या आवाजावर हक्क कुणाचा, याचं सरळ उत्तर देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. तरी नोटीस देता येते, भांडता येतं. पक्षकार दुसरा कुणी असता तर मी एका दिवसात दिली असती. ही मात्र टाईप होऊन टेबलावर पडून आहे. आधी कामं होती, मग दिल्ली, मग गड्डा. वारस म्हणून तुमची सही लागते, तीही मागवायची राहून गेली.

रिक्षा सकाळी भवानी पेठेतून जाते. मीही हल्ली त्याच वाटेनं ऑफिसला जातो. वहिनी, माझं ऑफिस त्या वाटेवर नाही.

परवा तिथं एका घरापुढं तिरडी बांधत होते. रिक्षा आली. दादाचाच हसरा आवाज, "या हो या, निवांत झोपा!" तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबले. मायाक्का, तुमची जुनी शेजारीण, ओट्यावरून म्हणाली, "वकील, तुजा भाऊ थांबला न्हाय रं."

मी रिक्षा अडवली. रिक्षावाला म्हणाला, "काका, पेनड्राईव्ह हाय. चालू केला की आपापला बोलतोय. मी काय करू?" मी हात आत घातला आणि बटण फिरवलं. दादाला मी गप्प केलं, वहिनी. मग गल्ली ओलांडेपर्यंत रिक्षाच्या शेजारून चालत गेलो.

नोटीस सोबत ठेवली आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही करा. दादाचा आवाज असा मोकाट फिरू द्यायचा नाही, हे माझं ठरलंय.

पण त्याआधी एकदा ऐकावासा वाटला तर सही थांबवा आणि तसं कळवा. पुढच्या रविवारी मी तो पेनड्राईव्हवर घेऊन अकलूजला येतो. तुमचं नाव घेऊन तो काही बोलणार नाही, फक्त गाद्यांचंच बोलेल, हे आधीच सांगून ठेवतो. दोघं मिळून ऐकू. बटण मग तुम्ही फिरवा.

तुमच्या सहीची वाट पाहणारा, आणि ती थोडी उशिरा आली तरी न रागावणारा,
बाळासो