रीमचा डावा गाल

इब्रा, ओमान
३ फेब्रुवारी २०१३

ती. शिवांगीताईस,
गुरुदत्तचा सा. न. वि. वि.

मोबाइलला रेंज मिळायला तुला सड्यावर चढावं लागतं, म्हणून सगळं पत्रातच लिहितो. आमच्या तबेल्यातली रीम नावाची घोडी महिन्यापूर्वी गाडीतून उतरताना लोखंडी दारावर आपटली. तेव्हापासून तिची डावी बाजू लुळी आहे. कान पडलेला, ओठ लोंबता, डोळा मिटत नाही. गवत गालात अडकतं आणि पाणी सांडतं. बरगड्या मोजता येतात गं. डॉक्टरांची इंजेक्शनं चालूच आहेत, पण आमचा ट्रेनर हात झटकून खलास म्हणाला. अर्बाब, म्हणजे आमचे मालक सईद, तिला कायमचं झोपवावं का, असं मलाच विचारत होते. मी आठ दिवस मागून घेतले.

आणि आज मस्कतहून डॉ. लिन नावाच्या चिनी बाई आल्या! जनावरांच्या डॉक्टर आहेत, पण केसासारख्या बारीक सुया टोचून इलाज करतात. उद्यापासून सुरुवात. मला धीरच धरवत नाही!

माया आहेच, थोडी या घोडीवरही कर.
तुझा गुरुदत्त

ता. राजापूर
१५ फेब्रुवारी २०१३

चि. गुरुदत्त यास अ. उ. आ.

लहानपणी तू कोंबडीला काजळ लावून बरी करणार होतास, तेव्हापासून तुझ्या उत्साहाची मला धास्ती आहे. मी सरकारी पशुवैद्य. सुयांनी मज्जातंतू जागा होतो यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. मार लागलेली नस कधी कधी आपोआपही सुधारते.

तरी घोडी तुझी आहे म्हणून सांगते. चालू औषध बंद करू नका. डोळा कोरडा पडू देऊ नकोस. चारा भिजवून हाताने भरव. आणि रोज बघ, की धावल्यावर डावी नाकपुडी फुगते का? सुयांआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लिहून ठेव. मला कौतुक नको, नोंद हवी.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

इब्रा
८ मार्च २०१३

ती. ताईस सा. न.

नाकपुडी फुगली!

आता नीट सांगतो. डॉ. लिननी गालावर, कानामागे सुया टोचल्या, दोन सुयांना बॅटरीच्या यंत्राच्या तारा लावल्या. टिकटिक सुरू झाली. लाथ बसणार म्हणून मी अंग चोरून उभा, आणि रीम चक्क पेंगायला लागली! आठ दिवसांत काहीच फरक नाही. अर्बाबांकडे परत गेलो, आणखी मुदत मागितली. ते इन्शाल्ला म्हणाले. पाचव्या खेपेला कान हलला. सातव्या खेपेला नाकपुडी. आणि काल अर्बाबांनी तळहातावर खजूर धरला, तो तिने ओठांनी उचलला! गाल अजून थोडा वाकडा आहे, पण खजूर खाली पडला नाही. अर्बाब माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

तू ठेवायला सांगितलेल्या नोंदी मी डॉ. लिनना दाखवल्या. त्या म्हणाल्या की यात सुयांचं किती आणि निसर्गाचं किती, ते त्यांनाही छातीठोक सांगता येणार नाही. पण इतके नेमके प्रश्न विचारणारी बहीण असेल, तर तिला शिकायला बोलाव. येशील ना?

वाट बघतोय, नाही म्हणू नकोस.
गुरुदत्त

ता. राजापूर
२१ मार्च २०१३

चि. गुरुदत्त यास अ. उ. आ.

तुझं पत्र दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या तीनदा वाचलं. रजेचा अर्ज त्याच दुपारी दिला. मे महिन्यात येते, डॉ. लिनना सांग, प्रश्न आणखी पुष्कळ आहेत.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. इथल्या गंगुबाईंच्या बैलाचा गाल शिंग लागून असाच लुळा पडलाय. मी महिन्यापूर्वी तपासून, आता काही होणार नाही, असं सांगून आले होते. काल पुन्हा त्यांच्या गोठ्यात गेले आणि माझे शब्द मागे घेतले. सुया मला अजून येत नाहीत, बरा होईलच असंही नाही. पण तोवर त्याला भरवत राहू, एवढंच म्हणाले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी भिजवलेल्या पेंडेची पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या की मग पहिला घास तुम्हीच द्या.

दिला रे. कोपरापर्यंत हात बरबटला, आणि मी वेड्यासारखी हसत होते.

तुला आणि रीमला पोटभर आशीर्वाद.
तुझी ताई