पाठपोट

५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मी मजेत. आठवड्यात तीन बौद्ध मंदिरं झाली. मूर्ती सगळेच टिपतात, मी वाचणारी माणसं टिपतो. पायरीवर एक भिक्खू पोथीत गढलेले, शेजारी झाडूवाली बाई ओठ हलवत जुनं वर्तमानपत्र वाचत होती. तिनं पान उलटावं म्हणून तासभर थांबलो! पुस्तक निघतंय. फोटोंखालच्या ओळी बाबांनी तपासाव्यात. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेला माणूस घरात असताना दुसऱ्याचे पाय का धरू?
आहे तेवढा लोभ राहू दे.
भटक्या

१९ मार्च
चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. झाडूवाली बाबांना फार आवडली. तुझ्या ओळींत मात्र सात चुका निघाल्या. शुद्धलेखनाशी याचं जन्माचं वाकडं, असं म्हणून हसले. बाकीचं मागे लिहिते.

(पानाच्या पाठीवर)
बाबांचं पोटाचं दुखणं साधं नाही. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. मी तार करणार होते, पण तू घाबरशील म्हणून बाबांनीच अडवलं. मिळेल त्या गाडीनं ये. वाट बघतायत, तोंडानं बोलत नाहीत इतकंच.
तुझी ताई

२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सर्व क्षेम वाचून बरं वाटलं. सात चुका! म्हणजे म्हातारबुवा अजून खणखणीत आहेत. उरलेल्या ओळी पाठवतोय, महिनाअखेर परत हव्यात. उद्या डोंगरावरच्या मठात चाललोय.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
भटक्या

१७ एप्रिल
भटक्या,
तू मागचं पान वाचलंच नाहीस. हात सवयीनं 'सर्व क्षेम' लिहून गेला, ती चूक माझी. पण परक्या बाईच्या पानासाठी तासभर ताटकळलास आणि बहिणीचं एक पान तुला उलटवलं नाही. फार राग येतोय रे. लोभबिभ या पत्रात शोधू नकोस.
बाबा मंगळवारी गेले.
तुझं पत्र आलं तेव्हा शुद्धीवर होते. वाचून दाखव म्हणाले. ते मी कुठल्या तोंडानं वाचणार? तुझा कागद समोर धरला आणि मनचंच वाचत सुटले. बाबा, कसे आहात, तुमची फार आठवण येते, मी निघालोच आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ही वाक्यं त्याची नाहीत, तुझी आहेत.
मग म्हणाले, पुन्हा वाच.
ताई