कारळ्याची चटणी आणि मोबाईलातलं डबडं

२० डिसेंबर, शनिवार

सगळ्यात आधी उमाबाई टपकली! पोरांनी चपलाबी सोडल्या न्हायत अन् शेजारीण दारात हजर — पुण्याची नात बघायला. काल येळवस होती, रानात पूजा करून जेवायची अवस, तवा शिवप्रिया अन् नातजावई मल्लेश आले न्हायत. आज आले. आले हेच लई. गव्हाची गोड हुग्गी केली. तूप वाढताना हात आखडला न्हाय.

जेवताना गुडघ्याची रोजची गोळी काढली अन् म्या बोलून गेले — आठ दिस परसाकडं काळंकुट्ट होतंय, चालताना दमबी लागतोय. झालं! पोरीनं माझ्या मोबाईलात ॲप घातलं. काय खाल्लं ते भरायचं, पोट कसंय ते भरायचं, अन् शीचे रंग — चित्रं! ताट अजून पुढ्यात!

उमाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मावशी, तुमच्या परसाकडची खबर आता पुण्याला!"

म्या म्हणलं, ॲप कशाला? रोज भाकरीवर कारळ्याची चटणी खाते. काळी चटणी, काळंच निघणार.

"मग आज्जी, चार दिवस चटणी बंद. रंग बदलला तर तू खरी."

बंद तर बंद! त्या डबड्याची जिरवतेच.

२१ डिसेंबर, रविवार

पोरं गेली. संक्रांतीला येतो म्हणाली. घर कसं गप झालं.

ॲपात चटणी हुडकली. पिझ्झा हाय, कारळं न्हाय! आमच्या जेवणाची वळख न्हाय अन् निघालंय माझ्या पोटाची चौकशी करायला.

२२ डिसेंबर, सोमवार

डबडं विचारतंय, जेवण का भरलं न्हाय? सोमवार हाय, मेल्या! महादेवाला विचार.

रंग काळा. परवाची चटणी असंल अजून.

२३ डिसेंबर, मंगळवार

पाणी प्यालं की हे चांदणी देतंय, शाब्बास म्हणतंय. तीन लेकरं वाढवली, कुणी चांदणी दिली न्हाय! पण एक हाय — एरवी पंधरा दिसांनी फोन करणारी पोरगी आता रोज करती. "आज्जी, भरलंस का?" तेवढ्यापायी भरते.

उमाबाईनं ताज्या चटणीची वाटी आणली. वास काय सुटला होता! झाकून ठेवली.

सांजच्याला पायरीवरच बसावं लागलं. डोळ्यांपुढं अंधारी.

२४ डिसेंबर, बुधवार

चटणीचा कण पोटात न्हाय. तरी डांबरागत काळंच.

बदामी रंगावर बोट नेलं. दाबलं असतं तर म्या जिंकले असते. मग काळा दाबला.

लगेच फोन. "आज्जी, गुडघ्याची गोळी आता घेऊ नको. तिच्यानं पोटात रक्त जात असेल, म्हणून काळं." गोळीचं तर म्या त्या डबड्यात भरलंबी नव्हतं! मग मल्लेशनं घेतला — "आज्जी, सोलापूरच्या डॉक्टरांशी बोललोय. तुम्ही कपडे भरून ठेवा."

संक्रांत लांबच राहिली. रातीच निघतेत. उद्या बेस्तरवारी, उजाडायला दारात.